तेहतीस वड्या, भोकांसकट

जावई म्हणून माझी कर्तबगारी फारशी नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. तेवढ्या काळात जितके अधिक महिने आले, तितक्या वेळा मी धसईला सासूबाईंकडे गेलो, पाटावर बसलो, ओवाळून घेतलं, त्यांच्या हातचे तेहतीस अनारसे वाण म्हणून घेतले आणि मुरबाडला घरी पोचेपर्यंत त्यातले निम्मे एसटीतच संपवले. एवढंच माझं काम. ते मात्र मी मनापासून केलं.

या धोंड्याच्या महिन्यात सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बायको त्यांचं बघायला धसईला गेली. जाताना मला दोन गोष्टी बजावल्या. ओट्स वेळेवर खा आणि गॅसला हात लावू नका. पहिली डॉक्टरांच्या सांगण्यावरून, दुसरी एका दुधाच्या पातेल्याच्या अनुभवावरून.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"अहो, अनारसे परत हसले."

बायको सगळं उत्तम करते, फक्त तिचा अनारसा तुपात पडला की हसतो, म्हणजे विरघळून जातो. तीन घाणे वाया गेले होते.

"मग बाजारातून आण की," मी म्हणालो.

"आई नाय म्हणते. विकतचं वाण द्यायचं नाय, घरातल्याच कोणाच्या तरी हातचं पायजे. सकाळपासून भिंतीकडं तोंड करून पडलीय. म्हणते, या टायमाला चुकलं, आता पुढचा धोंडा मला कुठं दिसतोय."

अधिक महिना येतो तीन वर्षांनी. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या वाणाकडे खाऊ म्हणून बघत होतो आणि त्या मात्र एका धोंड्यापासून दुसऱ्या धोंड्यापर्यंत आयुष्य मोजत होत्या. घरातल्या हातचं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझे हातही घरातलेच होते, जरी स्वयंपाकघराला त्यांचा कधी उपयोग झाला नसला तरी.

मोबाइलवर एक मुलगी गॅस न पेटवता ओट्सच्या वड्या करून दाखवत होती. "इतकं सोपं की कोणालाही जमेल," असं ती म्हणाली. ती मला ओळखत नव्हती.

ओट्स घरात ढिगाने होते. दाण्याचं कूट, मध आणि तूप बायकोच्या डब्यांतून शोधून काढलं. खजूर भिजत घातला, बिया काढल्या, हाताने कुस्करला आणि सगळं एकत्र कालवलं. मिश्रण हाताला चिकटलं, हात चमच्याला, चमचा फ्रिजच्या दाराला, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून फोन गालाला. ज्या वड्या चिकटणारच नाहीत अशी मला भीती होती, त्यांनी स्वयंपाकघरातलं काही म्हणून सोडलं नाही. शेवटी सगळा गोळा परातीत थापला, वर पोळपाट ठेवला, त्यावर माझं अठ्ठ्याहत्तर किलो वजन टाकलं आणि परात फ्रिजमध्ये सरकवली. दोन तासांनी सहा बाय सहा अशा छत्तीस वड्या कापल्या. तीन चव बघण्यात गेल्या. आकडा आपोआप जमला.

मग आठवलं, वाणाला जाळी लागते. अनारसा काय, बत्तासा काय, दोघांनाही भोकं असतात. माझ्या वड्या शहाबादी फरशीसारख्या गुळगुळीत होत्या. भाताची पोती शिवायचं दाभण शोधलं, साबणाने तीनदा धुतलं आणि एकेका वडीला नऊ-नऊ भोकं पाडत बसलो. एका वडीत दाभण अडलं. दाणा असेल म्हणून जरा बाजूला टोचलं.

दुसऱ्या दिवशी डबा टॉवेलात गुंडाळला, बर्फ झालेली पाण्याची बाटली त्याला टेकवली आणि धसईची एसटी पकडली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय, मासली हाय का?" मी म्हणालो, "वाण." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे सरकल्या.

बायकोने डबा उघडला.

"हे काय?"

"वाण. मी केलंय."

"आणि ही भोकं?"

"तीही मीच."

ती उंबऱ्यावर बसली आणि डोळ्याला पदर लागेपर्यंत हसली. हसण्याचा आवाज ऐकून सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. डाव्या हाताने एक वडी उचलली, दाराच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून भोकातून बाहेर पाहिलं. नोकरीच्या मुलाखतीलाही माझी इतकी तपासणी झाली नव्हती.

"जाळी हाय," त्या म्हणाल्या. मग सगळ्या मोजल्या. तेहतीस भरल्या. "पाट मांड गो."

मी पाटावर बसलो. वड्यांवर दिवा लावला होता. प्लास्टरचा हात खालून आधाराला घेऊन सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. आदल्या दिवशी मीच थापलेल्या वड्या मी वाकून स्वीकारल्या आणि इतक्या वर्षांच्या अनारशांनी झाला नसेल एवढा आनंद मला झाला.

मग त्यातली एक मी त्यांना खायला दिली. त्यांचे दात मोजकेच. त्या बराच वेळ चावत राहिल्या. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. अखेर त्यांनी बोटांनी तोंडातून खजुराची एक अख्खी बी काढली आणि डब्याच्या झाकणावर ठेवली.

"जावयबापू," त्या म्हणाल्या, "पुढच्या धोंड्याला बिया नीट काढा."

"काढतो," मी म्हणालो.