सिस्टरना सांगितलेली जर्मनी

आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतल्या सिस्टर जर्मनीला गेल्या नाहीत, याला कारण मी. लोक त्यांच्या वयाचं कारण सांगतात, कुणी नशिबाचं सांगतं. त्यातलं काही खरं नाही. मी कर सल्लागार आहे, लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देतो. एका संध्याकाळी मी सिस्टरना तिथले कर आणि तिथलं राहणीमान यांची इथल्याशी तुलना करून दाखवली आणि त्यांनी जायचा विचार सोडला. मी सांगितलेला एकही आकडा खोटा नव्हता. तरीही मी त्यांना फसवलं.

पेठेत त्यांना ‘केवढ्याला सिस्टर’ म्हणत. समोरच्याच्या हातातल्या वस्तूची किंमत विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. नवी चप्पल असो, पिशवीतली वांगी असोत की लग्नाचा हॉल असो, “केवढ्याला?” हा प्रश्न ठरलेला. उत्तर ऐकून एक तर “बरं मिळालं की” नाहीतर “फसलासा” एवढाच निकाल. एकदा गल्लीत मयत झाली होती. बायका रडत होत्या आणि सिस्टर कोपऱ्यात मयताच्या जावयाला तिरडीच्या बांबूचा भाव विचारत होत्या. मला लाज वाटली. नंतर कळलं की बांबूवाल्याने त्या गरीब माणसाला दुप्पट भाव लावला होता. सिस्टर तशाच उठून दुकानात गेल्या आणि जास्तीचे पैसे परत घेऊन आल्या. “मेलेल्याच्या नावावर कमवतोस व्हय रे?” असं त्या दुकानदाराला म्हणाल्या, हे त्याच दुकानदाराने मला हसत सांगितलं.

त्या आमच्या घरी येऊ लागल्या त्या माझ्या आईसाठी. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईची उजवी बाजू गेली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. सिस्टर एका खासगी दवाखान्यात कामाला होत्या. ड्यूटी संपली की आमच्याकडे येऊन आईला आंघोळ घालत, कूस बदलत, भरवत. मी किंवा बायकोने घास पुढे केला की आई तोंड फिरवायची. सिस्टर भरवताना बाजारभाव ऐकवत. “आजी, कोथिंबीर लई महाग झालीया. तुमी पडूनच ऱ्हावा. उठून घेणार काय हाय?” आईचा अर्धा चेहरा हसायचा आणि तेवढ्यात घास आत जायचा.

सिस्टरांचे यजमान यंत्रमागावर होते. छातीच्या आजाराने तरुणपणीच गेले. सिस्टर घरात तेलुगू बोलत, मुलगी लावण्या त्यांना अम्मा म्हणायची. दोघी सिस्टरांच्या भावाच्या घरात एका खोलीत राहत. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. पाण्याच्या दिवशी सिस्टर आमच्याकडे उशिरा येत आणि आल्या आल्या सांगत, “भावजयीचं भरून झाल्यावर माझा नंबर. आमचा बॅरल शेवटचा.” तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

दवाखान्यातल्या दोन मैत्रिणींबरोबर त्यांनी जर्मन भाषेचा वर्ग लावला होता. आईची कूस बदलताना त्या जर्मन आकडे म्हणायच्या. आईला ती काहीतरी स्तोत्रं वाटायची बहुतेक, कारण ती डावा हात उचलून कपाळाला लावायची. परीक्षा झाली. तिथल्या एका लहान गावातल्या रुग्णालयाने बोलावलं. सिस्टर पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. “दादा, तुमी कराचं बघता. ह्यातलं माझ्या हातात काय पडंल, आन् मुलगी घेऊन तितं भागंल का, तेवढं सांगा. तुमी व्हय म्हणलं तर जाते.”

“तुमी व्हय म्हणलं तर” या शब्दांनी मी आजही झोपेतून जागा होतो.

मी दोन दिवस मागून घेतले. वाचलं, सगळं समजून घेतलं आणि मग त्यांना बसवून सांगितलं. पगारातला मोठा हिस्सा हातात यायच्या आधीच कापला जातो, असं म्हणालो. त्या कपातीत औषधोपचाराचा विमा आणि म्हातारपणाचं पेन्शनही असतं, हे बोललो नाही. कर धरला तो एकट्या माणसाचा. मूल एकटीने वाढवणाऱ्या बाईला तो कमी लागतो आणि मुलामागे सरकार दरमहा वर पैसे देतं, हे मला तेव्हा नीट माहीत होतं. भाडं सांगितलं ते मोठ्या शहराचं. तिथला पाव, तिथली बसची तिकिटं रुपयांत करून सांगितली, पगार मात्र युरोतच ठेवला. सोलापूरच्या बाजूला भाडं शून्य लिहिलं, कारण खोली भावाची. लावण्याच्या कॉलेजची फी, आजारपण, उद्याचं म्हातारपण यांना मी हिशोबातच घेतलं नाही. आणि शेवटी म्हणालो, “इथे तुमच्या पगारावर आयकर एक रुपयासुद्धा नाही, सिस्टर.”

“म्हंजे राबायचं तितं आन् सरकारचं भरायचं,” त्या म्हणाल्या. “बरं झालं तुमाला इचारलं.”

आतल्या खोलीतून आईने चमचा पलंगाच्या दांडीवर वाजवला. तिच्या जेवणाची वेळ झाली होती. सिस्टर उठून आत गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या गेल्या तर आईला कोण भरवणार, एवढा एकच विचार ते दोन दिवस माझ्या डोक्यात होता.

आई त्यानंतर तीन वर्षं जगली आणि सिस्टरांच्याच हातावर गेली. त्या दोघी मैत्रिणी जर्मनीला गेल्या. एकीने इथे विजापूर रस्त्याला फ्लॅट घेतला. सिस्टरना कुणी डिवचलं तर म्हणत, “त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्या दादांनी मला वाचवलं.” एवढ्यावर थांबत नसत. परदेशी निघालेल्या कुणाकुणाला माझ्याकडे घेऊन येत आणि माझ्यादेखत माझी तारीफ करत. मी मान खाली घालून ऐकत असे. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

मग त्यांची कंबर गेली. माणसं उचलून उचलून मणके झिजले, डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करायला सांगितलं. खासगी नोकरी, पेन्शन नाही. पट्टा बांधून त्या ड्यूटीला जातच राहिल्या. लावण्याच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज काढलं, त्याची कागदपत्रं मी फुकट करून दिली. दिवाळीला मी साडी देत असे. त्याला मी मदत म्हणत होतो.

यंदा उन्हाळ्यात त्या लावण्याला घेऊन ऑफिसात आल्या. पोरीने गुपचूप जर्मन शिकून घेतलं होतं, तिलाही बोलावणं आलं होतं.

“हिला सांगा, दादा. मला सांगितल्यासारखं सांगा. माझं ऐकंना झालीया.”

“अम्मा, तुझं ते लई जुनं झालं,” लावण्या म्हणाली.

“कर जुना होतोय व्हय? तुला काय दादांपेक्षा जास्त कळतंय?” मग माझ्याकडे वळून, “सांगा की. तुमी न्हाई म्हणलं की ही ऱ्हातीया. तसं कबूल करून आणलंय.”

लावण्या माझ्याकडे बघत होती. तिने आईला शब्द दिला होता आणि तो ती पाळणार होती. मी फक्त ‘नाही’ म्हटलं असतं, तर माझी जुनी फसवणूक झाकलेलीच राहिली असती.

“सिस्टर, लावण्याने जावं,” मी म्हणालो. “तुम्हीही जायला हवं होतं.”

“तवा चुकलं व्हय काय?”

“चुकलं नाही. मी मुद्दाम तसं सांगितलं.” मग काय काय लपवलं ते एकेक करून सांगितलं, आणि का लपवलं तेही. त्या कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवून ऐकत राहिल्या.

“आजींना म्हाईत होतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. तुम्हाला असं बोलावणं आलंय, हेच मी आईला कळू दिलं नाही.”

“मग ठीक हाय,” असं म्हणून त्यांनी पदराने डोळे पुसले. लावण्या उठली. “चल अम्मा.”

“बस खाली. आदी तुझं नीट सांगू दे त्यांना. आता खरं सांगतील.”

मी सांगितलं. कापलं काय जाईल, कापल्याच्या बदल्यात मिळेल काय, तिला बोलावलेल्या गावात खोलीला किती पडेल, महाग काय आणि फुकट काय. लावण्याने चार वेळा अडवून विचारलं. सिस्टर भिंतीकडे बघत होत्या. संपल्यावर त्या खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठल्या. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

“सिस्टर, माझी आई मला सांभाळता येत नव्हती, म्हणून मी तुम्हाला इथे अडकवून ठेवलं. तुमची कंबर, लावण्याची ही सगळी वर्षं मी घेतली, आणि वर तुमच्याकडून आभारही घेत राहिलो. मला माफ करा.”