श्वासाची कसोटी

परिचारिका प्रशिक्षण केंद्रात भाषा शिकवणारे सर स्वभावाने सात्त्विक; परंतु वह्या तपासायला बसले की त्यांचा दुर्वास होई. विद्यार्थिनींच्या रुग्ण-अहवालांत एकदा सुरू झालेले वाक्य थांबण्याचे नाव घेत नसे. ताप, औषध, उलटी, नातेवाइकांची तक्रार, खिडकीची मोडकी कडी, सारे 'आणि'च्या एकाच दोरीने बांधलेले. सरांची पत्नी म्हणे, असला अहवाल वाचून होईपर्यंत रोगी आपला आपण बरा होऊन घरी जाईल.

सरांनी यावर एक उपाय योजला होता. अहवाल मोठ्याने वाचायचा आणि श्वास तुटेल तिथे पूर्णविराम द्यायचा. बहुतेकींना तो लागू पडला. अपवाद एकीचा. ती पट्टीची पोहणारी. पाऊण पान ती एका दमात वाची आणि वर विजयी मुद्रेने सरांकडे पाही.

तिच्याइतक्या हळुवार हाताने सुई कोणी टोचत नसे, हे मुख्य परिचारिकाही मान्य करीत. पण अहवाल-लेखनात ती दोनदा नापास झाली होती. उद्या तिसऱ्यांदा घसरली, तर केंद्रातून नावच कमी होणार होते.

"दमच लागत नाही सर, त्याला मी काय करू?"

सरांनी कपाळाला हात लावला. मग खडू ठेवून तिची वही स्वतःपुढे ओढली. "तू सांग. मी लिहितो."

ती धबधब्यासारखी सुरू झाली. सरांचे अक्षर कोरीव, लेखणी संथ. दुसऱ्याच शब्दाला ते मागे पडले. कुणाला ताप, केव्हा, किती, असे ते शांतपणे पुन्हा पुन्हा विचारीत राहिले. चौथ्या खेपेला तिचाच संयम सुटला.

"सर, एवढंच लिहा. सकाळी सहाला ताप एकशे दोन. झालं लिहून? आता पुढचं सांगते."

सर मान खाली घालून लिहीत राहिले.

परीक्षेत तिने मनातल्या मनात सरांनाच सारे सांगितले, त्यांचे लिहून होईपर्यंत थांबत थांबत. मुख्य परिचारिकांनी तो अहवाल उभ्याउभ्या वाचला आणि एकही प्रश्न न विचारता सही केली.

ती पेढ्याविनाच बातमी घेऊन धावत आली, तेव्हा सर दुसऱ्याच कुणाच्या तरी वहीत अडकले होते. मान वर न करता त्यांनी खुर्ची दाखवली.

"बस जरा. हिचं हे वाक्य संपू दे."