सुमनबाईचा भंते

विहारात शांतता असते असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या महिला मंडळात एक पावसाळा काढावा! आमगावजवळचं आमचं खेडं. भंतेंच्या जेवणाची भांडी घासायला बसलो की एक किस्सा निघतो, त्यातून दुसरा, आणि भांडी तशीच राहतात.

आमचे भंते म्हणजे सुमनबाईचा पोरगा. आठ-दहा दिवस भिक्षू होऊन राहायच्या श्रामणेर शिबिराला म्हणून गेला. शिबिर संपलं, बाकीची पोरं पँट घालून परतली, यानं भिक्षूचं चीवर उतरवलंच नाही. काही वर्षांनी वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, तो आपल्याच गावच्या विहारात आला. सुमनबाईला एकच घोर: पोरगं उपाशी तर राहत नाही ना?

*

पहिल्या दिवशी सुमनबाईनं सगळ्यांसारखा गुडघे टेकून त्याला प्रणाम केला. मला राहवेना.

"काऊन वं सुमन, ज्याले झाडूनं हानलं, त्याच्याच पाया पडून राहिली?"

"चिवराच्या पाया पडून राहिली मी. आतल्याले आखीन दोन देईन!"

भंतेंनी ऐकलं. डोळे मिटूनच हसले.

*

एकदा प्रवचनात भंतेंनी वर्षावास कुठून आला ते सांगितलं. पावसाळ्यात भिक्षू फिरत, शेतातले कोवळे कोंब तुडवले जात, लोक कुरकुरायचे. म्हणून बुद्धांनी सांगितलं, पाऊस आहे तोवर एका जागी थांबा. धानाचा रोवणा करून थकलेला, विहार समितीचा म्हातारा अध्यक्ष खडबडून जागा झाला.

"मंग माह्या शेजाऱ्याच्या बकऱ्याइले बी वर्षावास सांगा ना जी!"

*

भिक्षूनं मागायचं नाही, पात्रात पडेल ते खायचं. सुमनबाईनं घरोघरी फिरून सांगून ठेवलं, "त्याले वांगे आवडते." झालं! आठवडाभर प्रत्येक घरून वांगंच. भंते निमूटपणे खात होते. शेवटी मलाच त्यांची कीव आली, मी कारलं वाढलं. इतक्या प्रसन्न चेहऱ्यानं कारलं खाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

*

दुपारी बारानंतर भिक्षू जेवत नाही. एक दिवस सुमनबाईची पाळी, चूल ओली, स्वयंपाकाला उशीर. भंते जेवायला बसले, विहारातल्या भिंतीवरच्या घड्याळात बाराला अजून वेळ होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, अंगणात जाऊन आपल्या सावलीकडे पाहिलं, आणि आईकडे पाहिलं.

"उपासिका, घड्याळ मागं केलं. सूर्याचं काय करता?"

त्या दिवशी ते पाणी पिऊन राहिले. सुमनबाईही जेवली नाही. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

*

भादव्यात सुमनबाई तापानं खाटेला लागली. कोणाच्या हातचं खाईना. दोन दिवस नुसतं पाणी. आम्ही घाबरलो.

भंते भिक्षा घेऊन भरलं पात्र तसंच तिच्या दारात आले. ती उठून हात जोडू लागली. "आज माह्याजवळ द्याले काई नाई जी."

भंते खाटेजवळ बसले. पात्रातला भात चमच्यात घेतला.

"भंते, दानाचं अन्न हाय," दारातून अध्यक्ष कुजबुजला. "असं दुसऱ्याले चालते का?"

"मायबापाले चालते. बुद्धांनीच सांगून ठेवलं हाय." मग आईकडे वळून, "तोंड उघड, माय."

तिनं उघडलं. एक चमचा, दुसरा, तिसरा. डोळ्यांतून पाणी, तोंडात भात. मग तिची नजर दारातल्या उन्हावर गेली. बारा होत आले होते आणि त्यानं अजून एक शीतही खाल्लं नव्हतं.

भरल्या तोंडानंच ती माझ्यावर ओरडली, "पाहून काय राहिली वं? जा, विहारातलं घड्याळ मांगं कर!"

भंतेंनी पुढचा चमचा भरला.