कासवाखालचं पाणी

आमच्या कळस गावच्या गोजरबाईचा इश्वास फकस्त दोघांवर. एक तिची म्हस, अन् दुसरं बारवेतलं दगडाचं कासव. बाकी सगळी दुनिया चोर! कुणाच्या घरी गेली, तर च्याची बशी आधी नाकाला लावणार, मग तोंडाला. बारामतीच्या बाजारात वांगी इकताना यापाऱ्याच्या काट्याखाली हात घालून बघणार. मी तानूबाई, तिची शेजारीण, लगीन होऊन आल्यापास्नं तिच्यासंगं. तरी मला इचारती, "पदराखाली काय लपवलंयस गं?" आता काय बोलायचं!

तिच्या रानाच्या कडंला जुनी दगडी बारव हाय. कुणी बांधली, कुणाला ठावं न्हाय. खालच्या एका पायरीवर कासव कोरलंय. रिवाज असा, की उन्हाळ्यात पाणी उतरत कासवापातूर आलं, की माणसानं उपसा बंद करायचा. त्याच्या खालचं पाणी पाखरांचं, मुंगसाचं, सापाकिरडाचं. गोजरबाईची सासू म्हणायची, "बांधणारानं आधी पाण्याला इचारलं, मग दगूड बसवला. आपुन मधी शानपणा करू नये." दुष्काळात सुदीक त्या कासवाचे पाय कोरडे पडलेले कुणी बघितले नव्हते.

बारवेच्या वरच्या अंगाला तिच्या दिराचं, झुंबरचं रान. आधी सगळा ऊस व्हता, आता त्यानं डाळिंब लावलंय. मोटार घरात बसून मोबाईलवर चालू करतो. ते बघितल्यापास्नं गोजरबाईची झोप उडाली. "जो माणूस खाटंवर पडून पाणी ओढतो, तो माझ्या बारवेतलं बी ओढंल," म्हणायची.

शिवरात्रीच्या आसपास कॅनाल बंद व्हता. गोजरबाई बारवेत उतरली, तर झुंबरच्या रानाकडच्या भिंतीत तिला दगडांच्या मधी भोकं दिसली. मुठीएवढी, एका ओळीत, कोरडी ठाक. ती भोकं काय आजची हायेत व्हय? पर तिला ती त्याच दिशी दिसली.

"ह्यातनं पाईप सोडाय कितीसा येळ लागतुय?" म्हणली, अन् लागलीच सिमेंट कालवाय बसली.

मी म्हणलं, "अगं बये, बांधणारानं ठिवलीत ती. काय तरी कारण असंलच की."

"बांधणारा गेला. झुंबर हाय," म्हणली, अन् एकूण एक भोक लिपून टाकलं.

पुढं कॅनाल सुटला. दरसाली कॅनाल सुटला की बारवेचं पाणी जरा चढायचं. औंदा उतरतच गेलं. कासवापाशी आलं तसा गोजरबाईनं उपसा बंद केला. म्हशीला प्याला सुदीक लांबनं हंडे आणाय लागली. तरी पाणी खालीच चाललं, अन् एके दिशी कासवाचे पाय कोरडे पडले. गोजरबाईनं कपाळावर हात मारला. "बघ! मी म्हणलं व्हतं न्हवं?" खोटं कशाला बोलू, माझ्या बी मनात पाल चुकचुकली.

"उद्या इंदापूरला जाऊन पोलिसात नाव देती त्याचं," ती म्हणली. तिला पोर न्हाय, बाळ न्हाय. नवरा गेला तवा अग्नी बी झुंबरनंच दिला. तिला भावकीतलं हे एकच माणूस उरलेलं, अन् ते बी ती तोडाय निघाली.

पर सकाळी झुंबरच दारात हुबा. गुडघ्यापातूर चिखल, डोळं लाल.

"वैनी, कॅनालचं पाणी चोरून माझ्या रानात सोडता व्हय? डाळिंबाची मुळं कुजाय लागली माझ्या!"

"मी? चोराच्या उलट्या बोंबा! चला, दावा कुठं सोडलंय ते!"

तिघं बी गेलो. बघतो तर बारवेच्या भिंतीमागंच पाणी तुंबलेलं, पाय टाकंल तितं रुतत व्हता. गोजरबाईनं चिखल बघितला. भिंत बघितली. मग गुमान बारवेत उतरली अन् स्वताच लिपलेल्या सिमेंटवर तळवा ठेवला. सिमेंट ओलं, घाम फुटल्यावानी.

"तानू, पहार आण," म्हणली.

दोन घावात बूच निघालं. आधी गढूळ पाणी थुकल्यावानी आलं, मग धार लागली. तिनं सगळी भोकं मोकळी केली. धारा पायऱ्यांवरनं कासवाकडं पळाय लागल्या. तिनं ओंजळ धरली.

"भावजी, हे पाणी कुणाचं?"

"माझं. डाळिंबाला सोडलेलं. दुसरं कुणाचं असंल?"

"अन् ऊस व्हता तवा?"

"तवा बी माझंच मुरून येत असंल की," झुंबर भोकांकडं बघत म्हणला. त्याला बी आत्ताच उमगत व्हतं.

"म्हंजी इतकी वर्सं तुमचंच पाणी प्याले, अन् तुमालाच चोर म्हणले."

मला रडूच आलं. कोण व्हती ती बांधणारी माणसं, देव जाणे. भिंत घातली, पर वरच्याचं जास्तीचं खालच्याला जाया वाट ठिवली. अन् आमी शाणी माणसं ती बुजवाय निघालो!

घरी आल्यावर तिनं च्या टाकला. झुंबरनं बशी घेतली, पर तोंडाला लावंना. एकदा बशीकडं बघी, एकदा तिच्याकडं. गोजरबाईला कळलं. दुसरं कुणी असतं तर तिनं उंबऱ्याभाईर काढलं असतं. तिनं त्याच्या हातातली बशी घेतली, आधी स्वता एक घोट प्याली, अन् परत त्याच्या हातात दिली.

"प्या भावजी. काय घातलं न्हाय."