बाबांच्या कानांचं अपील

बाबांचा अपंगत्व पेन्शनचा अर्ज फेटाळल्याचं पत्र आलं, तेव्हा आम्ही जामबागेत राहत होतो. सतरा वर्षं तोफखान्यात काढलेल्या बाबांना उजव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, डाव्यानं जेमतेम. पत्रात लिहिलं होतं, 'बहिरेपणाचा सैनिकी सेवेशी संबंध नाही.'

"जाने दे गं," बाबा म्हणाले आणि पत्र ट्रंकेत ठेवून मोकळे झाले.

आईला ते पटलं नाही. तिनं मला अपील लिहायला बसवलं. मी कॉलेजात होते. अपिलात नोकरीची सगळी हकीकत हवी होती आणि बाबा तर घरात फौजेचं नावही काढत नसत. मग रविवारी दुपारी मी वहीत प्रश्न लिहून त्यांच्यापुढे सरकवायची. ते उत्तर द्यायचे, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

'कानात काही घालायचात का?' मी लिहिलं.

"कापूस. नसला की बोटं. पण गोळा भरणाऱ्याची बोटं रिकामी कुठली?"

मधेच ते भरकटायचे. आईचं पहिलं पत्र त्यांनी बर्फात, पांघरुणात शिरून वाचलं होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "हे नको लिहूस." अपिलात नाही, पण वहीत मी ते लिहिलंच.

साक्षीदार म्हणून बाबांच्याच तोफेवरचे एक तेलुगू काका अलवालहून आले. त्यांचेही कान गेलेले. दोघं समोरासमोर बसून इतके ओरडले, की शेजारच्या खाला धावत आल्या. "झगडा हुआ क्या?"

"नै, बातां कर रै," आई म्हणाली.

काकांनी जबानी लिहून दिली. भरतीच्या वेळी दोन्ही कान चांगले असल्याचा कागद आम्ही सोबत जोडला आणि आबिड्सच्या पोस्टातून सगळं रजिस्टर केलं.

दीड वर्षानं बाबांची पुन्हा तपासणी झाली आणि अपील मंजूर झालं. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. "मानलं म्हणायचं त्यांनी," एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी पहिल्यांदा हळू आवाजात.

काकांनी स्वतः कधी अर्जच केला नव्हता. पुढच्याच रविवारी बाबा त्यांना हाताला धरून घेऊन आले आणि मला म्हणाले, "आता ह्याचं लिही."