दिराचं रक्त

प्रिय मीरा आणि कबीर,

परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की नळीत थुंकून पाठवलं आणि आपले पूर्वज कुठले ते कळलं. तुम्ही हसत होतात. मला मात्र एकदम माझी वडूजची फौजदारकी आठवली, म्हणून आजच लिहायला बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. म्हसवडच्या रथयात्रेच्या गर्दीत वडूजच्या एका जवानाच्या बायकोचं वर्षाचं बाळ हरवलं. नवरा सीमेवर. शोध घेऊन आम्ही थकलो. दोन वर्षांनी एक कासारीण ठाण्यात आली. माधवनगरच्या चाळीत ती बांगड्या भरायला जायची. तिथल्या एका बाईबद्दल ती म्हणाली, "बाळंतपण न्हाई, बारसं न्हाई, अन् पोर एकदम चालतंच आलं, बाईसाहेब."

मी त्या बाईला चौकशीला आणलं. ती एकच धरून बसली: माहेरी बाळंत झाले, पोर माझंच. माहेरचं गाव मात्र दर वेळी बदलत होतं. मूल सांगलीच्या बालगृहात ठेवलं. माधवनगरच्या बाईला ते बिलगायचं; जवानाच्या बायकोला ओळखत होतं की नाही, सांगणं अवघड.

तेव्हा डीएनए चाचणी आमच्याकडे अगदी नवी होती. न्यायालयाची परवानगी मिळताच मी हरखून गेले. मूल, दोन्ही बायका आणि सुट्टीवर आलेला जवान, अशा चौघांचं रक्त काढलं. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन आमचा हवालदार हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेला. तिथे रक्तातून प्रत्येकाचा रेघांचा पट्टा काढत. मुलाच्या प्रत्येक रेघेला जोडी आईकडे नाहीतर बापाकडे सापडलीच पाहिजे.

अहवाल आला. माधवनगरची बाई आई नव्हती. वडूजची होती. मी टाळीच वाजवणार होते, तेवढ्यात पुढचं वाक्य वाचलं: हा पुरुष मुलाचा बाप नाही.

हवालदार गालात हसला. मी त्याला बाहेर पाठवलं. बातमी मात्र माझ्याआधी गावात पोचली. जवानाची बायको ठाण्यात आली, पदर डोक्यावर, डोळे कोरडे. सासूनं तिची पेटी दाराबाहेर ठेवली होती. ती म्हणाली, "पोर माझं हाय, अन् त्येंचंच हाय. तुमचं मशीन चुकलंय."

मी अहवाल पुन्हा वाचला. शेवटी शास्त्रज्ञानं एक ओळ जोडली होती: बऱ्याच रेघा जुळतात, त्यामुळे हा पुरुष जवळचा नातेवाईक असावा. मी ताडकन उठले. जीप थेट त्यांच्या दारात.

ओसरीवर तो 'जवान' बसला होता. मी सहज विचारलं, "तुमची पलटण कोणती?"

त्यानं शेजारी बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईकडे पाहिलं. मला उत्तर मिळालं.

तो दीर होता. जवानाला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून घरानं धाकट्याला उभं केलं होतं. म्हातारी गोंधळून म्हणाली, "आवं, दोघं एकाच पोटचे. रगत काय येगळं असतंय व्हय?"

"असतं. म्हणूनच अहवालात बाप जुळला नाही, आणि तुम्ही सुनेची पेटी बाहेर ठेवलीत," मी म्हणाले.

म्हातारीनं स्वतः उठून पेटी आत घेतली.

मी पलटणीला तार केली. जवान एस.टी.तून उतरला तो गणवेशातच दवाखान्यात, बाही वर करून. या वेळी एकही रेघ एकटी राहिली नाही. माधवनगरच्या बाईवर गुन्हा दाखल झाला. बालगृहात त्यानं पिशवीतून लोकरीची निळी टोपी काढली. बाळ हरवण्याआधी घेतलेली, वर्षाच्या डोक्याची. तीन वर्षांच्या पोराला ती बसेना. बाप पुन्हा पुन्हा ओढत राहिला, पोर हसायला लागलं, आणि त्याची आई दोन वर्षांत पहिल्यांदा रडली.

प्रयोगशाळा खरं तेच सांगते. पण बाटलीत कोणाचं रक्त आहे, हे पोलिसानंच बघायचं असतं. यानंतर मी प्रत्येक नमुन्याआधी माणसाशी दोन शब्द बोलले.

ते पोर आता स्वतः फौजेत आहे. घरात दोन्ही भावांची चूल एकच आहे, आणि तिच्या वरच्या खुंटीला ती निळी टोपी अजून टांगलेली आहे.