वीतभर ट्रकवरचा चिखल

सैन्याच्या वर्कशॉपात गाड्या धुण्यात त्याची उभी हयात गेली, म्हणून सगळे त्याला धुलाईवालाच म्हणत. सरावावरून परतलेले ट्रक धापा टाकत रॅम्पवर चढायचे आणि हा पाइप घेऊन त्यांच्या पोटाखाली शिरायचा. कुठला चिखल कालचा, कुठला आजचा, चाकाने उडवलेला कुठे बसतो आणि बुटांनी चढवलेला कुठे, सगळं त्याला तोंडपाठ.

तो निवृत्त झाला आणि पाठोपाठ बायको गेली. एकुलती लेक लग्न होऊन दूरच्या शहरात. घर खायला उठलं. तेव्हा त्याने लष्करी गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडायला घेतल्या, आणि जोडून झाल्या की त्यांना चिखल फासायला.

शेजारचा शिंपी खिडकीतून डोकवायचा. "अरे, जन्मभर चिखल काढलास. आता काढलेला सगळा परत करतोयस की काय?"

"तू जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस, आणि तुझ्या सदऱ्याला बटण नाही. माझं काय विचारतोस!"

शिंपी हसत हसत मशीनवर जाऊन बसायचा. मग दिवस मावळेपर्यंत घरात शब्द म्हणून उमटायचा नाही.

या खेपेचा ट्रक वीतभर होता, पण जीव त्याने हातभर ओतला होता. वस्त्रगाळ माती, प्लास्टर, लाकडाचा भुसा आणि पांढरा गोंद कालवून आधी जुना, वाळून फिकट पडलेला चिखल बसवला. त्यावर ताजा, गडद. जुन्या टूथब्रशच्या दातांवरून अंगठा ओढून दारांवर शिंतोडे उडवले. राहिला होता फक्त वॉर्निशचा हात. त्यानेच चिखल ओला दिसतो, आणि त्यानेच तो पक्का होतो. तो हात त्याने मुद्दाम राखून ठेवला होता, लेकीसमोर मारायला.

कारण लेकीचा फोन आला होता. "बाबा, रविवारी येते. या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार. तुम्ही तिथे एकटे, आणि इथे माझ्या जिवाला घोर."

त्याला जायचं नव्हतं. या भिंतींना त्याची सवय झाली होती आणि त्याला त्यांची. पण लेकीला नाही कसं म्हणायचं? त्याने मनाशी ठरवलं, बोलायचं काहीच नाही. ती ट्रक बघेल, बापाचे हात अजून चालतात हे तिचं तिलाच कळेल, आणि ती निर्धास्त परत जाईल. त्याने ट्रक टेबलाच्या मधोमध ठेवला.

लेक आली. पिशवी टेकवते न टेकवते तोच तो तिच्या चहासाठी दूध आणायला बाहेर पडला. परतला तेव्हा ट्रक टॉवेलवर वाळत होता. हिरवागार, लखलखीत, जसा काही आजच कारखान्यातून सुटला.

"किती चिखल साचला होता हो!" लेक हात पुसत म्हणाली. "एवढीशी वस्तूसुद्धा तुमच्याच्याने पुसून होत नाही. म्हणून म्हणते, चला माझ्याकडे."

तो खुर्चीत बसला. सांगावं, तर पोरीच्या जिवाला लागणार. न सांगावं, तर घर सुटणार.

त्याने ट्रक उचलून उलटा केला. मडगार्डच्या आतली कड, जिथे वर्कशॉपातल्या जुन्या हातांचंही चुकायचं, तिथे मातीचा कण नव्हता.

"सुरुवात कुठून केलीस?"

"पोटाखालून. मग चाकं, मग तोंड. दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळला. तुम्हीच नाही का शिकवलंत?"

त्याने ट्रक सरळ करून ठेवला. तो म्हणाला, "बस इथे." वाटी ओढली, माती कालवली आणि स्वच्छ मडगार्डवर ब्रशने चिखलाचा पहिला थर चढवला.

लेक बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे... ते सगळं तुम्ही लावलेलं होतं?"

"हो."

"मग ओरडला का नाहीत माझ्यावर?"

"ओरडू कशाला? खरा वाटला म्हणूनच धुतलास ना? यापेक्षा मोठी शाबासकी मला कोण देणार?"

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली. मग दोघांनी मिळून चिखल लावला. शिंतोडे उडवताना तिने बापाच्या चष्म्यावरही उडवले. निघायची वेळ झाली तेव्हा तिने फक्त तिचीच पिशवी उचलली.

"इथेच राहा, बाबा," ती दारात म्हणाली. "मी येत जाईन."

वॉर्निशचा हात तेवढा राहिला. चिखल वाळल्याशिवाय तो मारता येत नाही, आणि तिची गाडी थांबणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने एकट्यानेच तो मारला. ट्रकच्या दारावर एका जागी लेकीचा अंगठा उमटला होता. तिथे ब्रश वळवून घेतला, ठसा तसाच ठेवला. ट्रक खिडकीच्या उजेडात धरला. चिखल ओलाकंच चमकत होता.

"ओला दिसतो ना?" त्याने विचारलं.

पलीकडे शिंप्याचं मशीन खडखडत होतं. त्याला ऐकू गेलं नसावं.